घरातल्या साध्या वस्तूंमागची खरी कारणं सांगा, घरीच तपासून बघता येतील अशी

चौकसबाई

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी सहावीत आहे आणि सध्या तिला प्रत्येक वस्तू हातात घेऊन "हे असंच का" विचारायचा नाद लागलाय, मला तो मनापासून आवडतो त्यामुळे मी टाळत नाही. काल तिने कुलूप उलटं करून दाखवलं, किल्लीच्या भोकाशेजारी अजून एक बारीकसं भोक, हे कशाला? मला सांगता येईना. नेटवर शोधलं तर "तुमच्या घरातली गुपितं" टाइप याद्याच याद्या आणि त्यातलं अर्धं नुसतं फॉरवर्ड. ते टूथपेस्टचंच घ्या ना, ट्यूबच्या शेपटीला रंगीत चौकोन असतो त्यातला हिरवा म्हणजे नैसर्गिक आणि काळा म्हणजे केमिकल, हे किती वर्षं फिरतंय, पण कारण कुणीच सांगत नाही.

तर विनंती अशी की रोज हाताळतो त्या वस्तूंबद्दल ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनी लिहा, आणि शक्य असेल तर ते घरी कसं तपासायचं तेही लिहा. तिला नुसतं सांगून पटत नाही, करून बघायचं असतं. आणि खरं सांगायचं तर मलाही.

---

पाना_पक्कड

मस्त धागा चौकसताई. कुलपाचं आधी सांगतो. ते भोक पाणी निघून जायला असतं. कुलूप बाहेर टांगलेलं असतं, वरून कडीच्या बाजूने पाणी आत शिरतं, खालून निघायला वाट नसेल तर आत साचून गंज धरणार आणि थंड मुलखात तर गोठून कुलूप जामच होणार. दुसरा उपयोग म्हणजे तिथून तेलाचे दोन थेंब सोडता येतात. तपासायचं तर घरातली सगळी कुलपं गोळा करा, कपाटाच्या कुलपाला किंवा बॅगेच्या छोट्या कुलपाला बहुतेक हे भोक नसतं कारण त्यांचा पाण्याशी संबंधच येत नाही.

आता माझ्या कामातली माझी आवडती गोष्ट. मेजर टेपच्या टोकाला जो लोखंडी आकडा असतो तो किंचित हलतो, हो ना? लोकांना वाटतं रिव्हेट सैल झालंय, काही जण तर हातोडीने ठोकून घट्ट करून टाकतात आणि मग दोनपैकी एका प्रकारचं माप कायमचं चुकायला लागतं. तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो आणि तो स्वतःच्या जाडीएवढाच हलतो. का, तर टेप दोन तऱ्हांनी वापरतात. टेबलाच्या कडेला आकडा अडकवून ओढला तर माप आकड्याच्या आतल्या बाजूपासून सुरू व्हायला पाहिजे, आणि कपाटाच्या आतली रुंदी घेताना टेप भिंतीला टेकवून दाबली तर माप आकड्याच्या बाहेरच्या बाजूपासून सुरू व्हायला पाहिजे. मधे फरक पडतो तो पत्र्याच्या जाडीचा. ओढला की आकडा तेवढा पुढे सरकतो, दाबला की तेवढा मागे, आणि शून्य आपोआप जागेवर येतं. मुलीला सांगा एकच पुस्तक दोन्ही तऱ्हेने मोजायला, एकदा कडेला अडकवून आणि एकदा पुस्तक भिंतीला टेकवून टेप भिंतीवर दाबून. माप एकच आलं पाहिजे.

थ्री पिन प्लगमधली अर्थिंगची पिन बाकीच्या दोनपेक्षा लांब असते, तीही अशीच विचार करून केलेली. लांब असल्यामुळे प्लग घालताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जातं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटतं, म्हणजे करंट चालू असताना संरक्षण नाही असा क्षणच येत नाही. जाड असेल तर चुकून दुसऱ्या भोकात जात नाही हा अजून एक फायदा. काही पितळी पिनांना मधे उभी चीर असते ती पिन तापून फुगते म्हणून ठेवलीय असं सांगतात, ते काही खरं नाही, एवढ्याशा पितळाची वाढ मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढीही भरत नाही. चीर असली की पिनेचे दोन अर्धे स्प्रिंगसारखे दबतात आणि सॉकेटमधे घट्ट बसतात. सैल बसलेला प्लग स्पार्किंग करतो आणि तापतो, खरा धोका तो.

---

आवर्तन

पाना_पक्कड, टेपचं एकदम भारी!

मी घड्याळाबद्दल लिहितो कारण त्याच्याइतकी कमाल वस्तू घरात दुसरी नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. भिंतीवरचं साधं सेलवर चालणारं घड्याळ उघडलंत तर सर्किटवर तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी एक धातूची नळकांडी दिसेल. तिच्या आत क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो आणि तो दोन दात्यांच्या काट्याच्या आकारात कापलेला असतो. त्याला वीज दिली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा विचित्र वाटतो पण अर्धा करत जा, १६,३८४, मग ८,१९२, असं १५ वेळा अर्धं केलं की बरोबर १ उरतो. घड्याळातली चिप तेवढंच करते, १५ वेळा निम्मं, आणि दर सेकंदाला एक ठोका मोटरला देते. याच्यापेक्षा कमी कंपनं ठेवली तर स्फटिक मोठा करावा लागतो, जास्त ठेवली तर सेल लवकर संपतो, म्हणून ही संख्या सोयीची पडली. क्वार्ट्‌झवर चालणारं पहिलं मनगटी घड्याळ जपानमधे सेइकोने २५ डिसेंबर १९६९ ला विकायला आणलं. मुलीला कागद पेन्सिल घेऊन १५ वेळा अर्धं करायला लावा, १ येतो तेव्हा काय आनंद होतो बघा.

अजून एक, पाणी उकळायची इलेक्ट्रिक केटल. पाणी उकळलं की ती आपोआप बंद होते, मग ती पाण्याचं तापमान मोजते का? नाही मोजत. आणि त्याला कारण आहे, उंचावर पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं, २००० मीटर उंचीवर साधारण ९३ अंशांलाच, तिथे १०० वर बंद होणारी केटल कधीच बंद झाली नसती आणि पाणी आटेपर्यंत उकळत बसली असती. म्हणून ती वाफ ओळखते. झाकणाच्या जवळ आतून एक फट किंवा बारीक भोक असतं, तिथून वाफ मुठीतल्या किंवा बुडातल्या बटणापर्यंत नेलेली असते आणि तिथे दोन वेगवेगळ्या धातू एकमेकांवर चिकटवून केलेली चकती असते. तापल्यावर एक धातू जास्त वाढतो, दुसरा कमी, त्यामुळे चकती टक्‌कन उलटी वळते आणि बटण पडतं. तपासायचं असेल तर झाकण उघडं ठेवून थोडं पाणी उकळा, वाफ वर निघून जाते आणि केटल बंदच होत नाही. मोठं कुणीतरी शेजारी उभं राहून करा आणि उकळी दिसली की हाताने बंद करा.

ही दोन धातूंची पट्टी इस्त्रीतही असते, इस्त्री मधूनच टिक करते तो तिचाच आवाज. आणि गंमत म्हणजे ही पट्टी पहिल्यांदा स्वयंपाकघरासाठी नाही तर जहाजांसाठी बनली. इंग्लंडचा जॉन हॅरिसन, मूळचा सुतार, समुद्रात रेखांश काढता यावा म्हणून अचूक घड्याळ बनवायच्या मागे लागला होता, आणि थंडी-उन्हाने घड्याळाची चाल बदलायची. त्याने पितळ आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र रिव्हेट केल्या म्हणजे तापमान बदललं की पट्टी वाकून चाल आपोआप दुरुस्त करेल. ज्या घड्याळात त्याने ती बसवली त्यावर तो १९ वर्षं राबला. आज तीच युक्ती आपण न बघता रोज वापरतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

---

चौकसबाई

बापरे काय सुंदर लिहिताय सगळे. टेपचा प्रयोग झाला, पुस्तक झालं, मग डबा झाला, आता ती घरभर मोजत फिरतेय. ३२,७६८ पण वहीत लिहून झालं.

तिचे पुढचे प्रश्न: अॅल्युमिनियम फॉइलची एक बाजू चकचकीत आणि दुसरी मंद का, आणि कुठली बाजू आत ठेवायची? आणि टूथपेस्टच्या चौकोनाचं खरं काय ते कुणीतरी एकदाचं सांगून टाका.

---

कागदवेडा

दोन्हीची उत्तरं माझ्याकडे आहेत, मी पॅकेजिंगमधे काम करतो.

ट्यूबचा चौकोन आधी. त्याला आम्ही आय मार्क म्हणतो. ट्यूबचं मटेरियल छापताना लांबच लांब रोल असतो आणि तो मशीनमधून भरधाव जात असतो, एक ट्यूब कुठे संपली हे मशीनला कळायला हवं. तिथे एक सेन्सर प्रकाश टाकून बघत असतो, गडद चौकोन समोरून गेला की मशीनला समजतं की इथे कापायचं, किंवा ट्यूब फिरवून सरळ करून शेपटी इथे बंद करायची. रंगाला एवढीच अट की तो मागच्या रंगावर उठून दिसला पाहिजे. ट्यूबवर जे रंग आधीच छापलेले असतात त्यातलाच एक वापरतात, कंपनीचा लोगो हिरवा असेल तर चौकोन हिरवा, निळा असेल तर निळा. आत काय भरलंय ते त्या मशीनला माहीतही नसतं. तपासणं सोपं आहे, शाम्पूचं पाऊच, क्रीमची ट्यूब, कुठल्याही पाकिटाची कड बघा, तसाच चौकोन सापडेल. हा फॉरवर्ड आला की मी प्रत्येकाला हे लिहून पाठवतो, कारण लोक खरंच त्यावरून पेस्ट निवडतात.

फॉइल. अॅल्युमिनियम रोलरमधून पुन्हा पुन्हा दाबून पातळ करतात, शेवटी ते इतकं पातळ होतं की एकटा पत्रा रोलरमधे फाटेल, म्हणून शेवटच्या फेरीत दोन पत्रे एकावर एक ठेवून एकदम दाबतात आणि मग वेगळे करतात. ज्या बाजूला गुळगुळीत पोलादी रोलर लागला ती चकचकीत, जी बाजू दुसऱ्या पत्र्याला लागली ती मंद. बस. कुठलीही बाजू आत ठेवा, वापरात फरक पडत नाही. फक्त नॉनस्टिक म्हणून विकतात त्या फॉइलला एका बाजूने थर दिलेला असतो, तिथे पाकिटावर लिहिलेलं वाचा.

आणि माझ्या आयडीला जागून कागदाबद्दल सांगितल्याशिवाय जाणार नाही. ए४ कागद अर्धा दुमडला की जो तुकडा होतो त्याची लांबी-रुंदीची प्रमाणं मूळ कागदाइतकीच राहतात. हे दुसऱ्या कुठल्याही प्रमाणात होत नाही, फक्त २ च्या वर्गमुळाच्या प्रमाणात होतं, म्हणजे रुंदी १ तर लांबी साधारण १.४१४. ही कल्पना जर्मनीच्या लिश्टेनबर्गने १७८६ साली एका पत्रात लिहून ठेवली होती आणि १९२२ मधे जर्मनीने त्यावरून कागदाच्या मापांचं मानक केलं, तेच आज जवळजवळ सगळं जग वापरतं. पुढची गंमत अशी की सगळ्यात मोठा ए० कागद बरोबर १ चौरस मीटरचा असतो आणि त्याचे ए४ होतात १६. तुमच्या प्रिंटरच्या कागदावर ८० जीएसएम लिहिलेलं असतं म्हणजे १ चौरस मीटरचं वजन ८० ग्रॅम, भागिले १६, झाले ५ ग्रॅम. म्हणजे एक पान ५ ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा बरोबर चालतोय का हे बघायचं असेल तर २० पानं ठेवा, १०० ग्रॅम दाखवायला हवं.

---

सेलवाला

बॅटरीचा सेल चांगला की संपलेला हे ओळखायची युक्ती माझ्याकडून. सेल उभा धरून टणक जमिनीवर थोड्या उंचीवरून सोडायचा, चांगला असेल तर धप्प करून पडतो, संपलेला असेल तर उसळी मारतो. आम्ही तर असेच वेगळे करतो.

---

आवर्तन

@सेलवाला, उसळी मारतो हे शंभर टक्के खरं आहे पण उसळी म्हणजे संपला असा अर्थ काढू नका, चांगले सेल फेकले जातील. यावर प्रिन्स्टन विद्यापीठात नीट प्रयोग झालेत, २०१५ साली प्रसिद्धही झाले. अल्कलाइन सेलच्या आत जस्ताची भुकटी जेलमधे भिजवलेली असते, पडल्यावर ती सगळी ऊर्जा शोषून घेते म्हणून नवा सेल उसळत नाही. वापरता वापरता जस्ताचं झिंक ऑक्साइड होतं, कण एकमेकांना जोडले जातात आणि आतला गाभा घट्ट होतो, मग सेल उसळायला लागतो. पण ही उसळी सेल साधारण निम्मा वापरून झालेला असतानाच पूर्ण वाढते आणि पुढे तशीच राहते. म्हणजे उसळणारा सेल "नवा नाही" एवढंच सांगतो. अर्धा शिल्लक असलेला सेल भिंतीवरच्या घड्याळात किंवा रिमोटमधे अजून कितीतरी महिने चालेल. खरं मोजायचं तर मल्टिमीटरच लावा.

---

सेलवाला

अरे वा हे माहीत नव्हतं, बाजूला काढलेले पुन्हा मोजून घेतो. धन्यवाद.

---

निरंजना_

सगळं वाचून काढलं एका दमात. फ्रिजवर चिकटवायच्या त्या पातळ रबरी चुंबकांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितेय, मुलीला नक्की आवडेल. असे दोन चुंबक घ्या, त्यांच्या काळ्या पाठी एकमेकींना लावा आणि एकावरून दुसरा सरकवा. एका दिशेने तो सरळ घसरत जातो आणि काटकोनात फिरवून सरकवला की टक टक टक उड्या मारत जातो. कारण आपण समजतो तसा त्याला एका टोकाला उत्तर आणि एका टोकाला दक्षिण ध्रुव नसतो, बारीक बारीक पट्ट्या असतात, उत्तर दक्षिण उत्तर दक्षिण अशा शेजारी शेजारी. पट्ट्यांच्या बाजूने गेलं की गुळगुळीत, आडवं गेलं की प्रत्येक पट्टीवर झटका. आणि असल्या बऱ्याच चुंबकांची समोरची चित्राची बाजू फ्रिजला लावून बघा, जवळजवळ चिकटतच नाही! पट्ट्या अशा रचलेल्या असतात की चुंबकत्व एका बाजूला एकवटतं आणि दुसऱ्या बाजूला जवळपास संपतं. हीच रचना क्लाउस हाल्बाख नावाच्या शास्त्रज्ञाने कणांचा वेग वाढवणाऱ्या प्रचंड मोठ्या यंत्रांसाठी वापरली आणि तिला त्याचंच नाव पडलं. दुधाचा हिशोब लिहिलेला कागद धरून ठेवणाऱ्या वस्तूत हे भौतिकशास्त्र आहे.

रिमोटचंही करून बघा, मोबाइलचा कॅमेरा चालू करून रिमोटचं टोक त्यात बघत बटण दाबा, जांभळट दिवा लुकलुकताना दिसेल जो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा, काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड अडवणारी काच जास्त कडक असते.

---

जुनीपाने

मला वस्तूंच्या इतिहासाचं वेड आहे, माझ्यातलं सगळं काही घरी तपासता येणार नाही पण काडेपेटीबद्दल लिहायलाच हवं.

आधी क्रम बघा. आपण धरून चालतो की आधी काडी आली आणि मग लायटर. उलट आहे. डोबेरायनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८२३ मधे हायड्रोजन वायू प्लॅटिनमवर सोडून पेटणारा टेबलावरचा लायटर बनवला, आणि घासून पेटणारी काडी जॉन वॉकर या इंग्लंडमधल्या औषधविक्रेत्याने विकायला सुरुवात केली १८२७ मधे. डबाबंद टिनचंही तसंच, पत्र्याच्या डब्याचं पेटंट १८१० चं आणि डबा उघडायच्या ओपनरचं १८५५ चं, मधली ४५ वर्षं लोक छिन्नी हातोडीने डबे फोडत होते.

पण काडेपेटीचा पुढचा भाग वाचवत नाही. वॉकरच्या काड्यांनंतर पांढरा फॉस्फरस वापरलेल्या काड्या आल्या, कशावरही घासली की पेटायची म्हणून खूप खपल्या, पण कारखान्यात काम करणाऱ्या बायका-मुलांच्या श्वासातून तो फॉस्फरस जायचा आणि जबड्याचं हाड सडायचं. दात पडायचे, चेहरा विद्रूप व्हायचा, कित्येक जणी त्यात गेल्या. १८८८ मधे लंडनच्या काडेपेटी कारखान्यातल्या मुलींनी संप केला तेव्हा हे जगासमोर मोठ्याने मांडलं गेलं. शेवटी १९०६ मधे बर्न इथे देशांनी मिळून पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदीचा करार केला. आणि यातलं मला सगळ्यात जास्त टोचतं ते म्हणजे उपाय तोपर्यंत कितीतरी वर्षं हाताशी होता. स्वीडनच्या पाश याने १८४४ मधेच बिनविषारी लाल फॉस्फरस वापरून सुरक्षित काडी शोधली होती, फक्त ती महाग पडायची.

आज आपण वापरतो ती तीच. फॉस्फरस काडीच्या गुलात नसतो, पेटीच्या कडेच्या तपकिरी पट्टीत असतो. म्हणून काडी पेटीवरच पेटते, फरशीवर नुसती घासून सहसा पेटत नाही. हे मोठ्यांनी करून दाखवा, मुलीच्या हातात देऊ नका.

---

पाना_पक्कड

जुनीपाने, फार चांगलं लिहिलंत, काडी हातात घेताना आता हे आठवणार.

याच धर्तीवर गॅसचा वास. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतोच, जो घाण वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा, आपलं नाक त्याचा अगदी कणभर अंशही पकडतं. अमेरिकेत टेक्सासमधे न्यू लंडन गावच्या शाळेत १९३७ मधे वास नसलेला नैसर्गिक वायू गळून साचला, कुणाला कळलंच नाही, स्फोट झाला आणि जवळपास ३०० जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर वास मिसळायचे कायदे झाले. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत पसरतो. म्हणून वास आला की रेग्युलेटर बंद करा, दारं खिडक्या उघडा, कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका. हे मुलीला आजच सांगून ठेवा.

---

चौकसबाई

सांगितलं. दोनदा म्हणून घेतलं तिच्याकडून.

चुंबकाचा प्रयोग करताना एक नवीनच प्रश्न निघाला. चुंबक एका स्टीलच्या पातेल्याला चिकटतो आणि दुसऱ्याला अजिबात नाही, मग एक भेसळीचं आहे का? दोन्ही चकचकीत आहेत, गंज कुठेच नाही.

---

पाना_पक्कड

नाही हो, भेसळ वगैरे काही नाही, दोन्ही अस्सल असू शकतात. स्टेनलेस गंजत नाही ते क्रोमियममुळे, निदान साडेदहा टक्के तरी लागतं. त्याचा हवेशी संयोग होऊन वर न दिसणारा थर धरतो आणि ओरखडा पडला तरी तो थर पुन्हा आपोआप तयार होतो. चुंबक चिकटणार की नाही हे निकेलवर ठरतं. भांड्याच्या बुडाशी १८/८ लिहिलेलं असेल तर १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल, निकेलमुळे पोलादाच्या आतली अणूंची रचना बदलते आणि चुंबक चिकटत नाही. १८/० असेल तर निकेल नाही, चुंबक घट्ट चिकटतो. इंडक्शनच्या शेगडीला चुंबक चिकटणारं बूडच लागतं, म्हणून काही १८/८ भांड्यांना खाली वेगळी चकती जोडलेली असते.

आणि एक करून बघा, चुंबक न चिकटणाऱ्या भांड्याच्या किंवा सिंकच्या कोपऱ्यावर, जिथे पत्रा सगळ्यात जास्त दाबून वळवलाय तिथे चुंबक हळूच फिरवा. थोडीशी ओढ जाणवेल. पत्रा ताणला गेला की तेवढ्या जागेपुरती रचना पुन्हा चुंबकाला ओढणारी होते. सपाट भागावर काही नाही आणि कोपऱ्यावर ओढ, एकाच पत्र्यात.